वाकड्या भोकाचा क्रूस

उंझाकाठ, १४ मे २०१९

एदिक यास,

लिओनिद अर्काद्येविच गोर्यूनोवचा नमस्कार. आम्ही ठीक आहोत. जमीन अजून ओली आहे, त्यामुळे बटाटे लावायचे राहिलेत. तुझी खुशाली विचारत नाही. ती दर आठवड्याला साऱ्या जगाला तुझ्या व्हिडिओत दिसते, पोटासकट.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. कागदावर तुला ते जमणार नाही.

तर तुझा तो व्हिडिओ. ‘मेलेल्या ओविनोवोचं सोनं’. वा! ओविनोवोत सोनं एकाच माणसाकडे होतं, सामुदायिक शेतीच्या हिशेबनिसाच्या दातात, आणि तो माणूस दातासकट शहरात निघून गेला. मी त्या गावात जन्मलो. शेवटचं घर रिकामं झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तुला तिथे काय सापडू शकतं आणि काय नाही, हे मी तुला घरबसल्या सांगितलं असतं. पण तू विचारणार कशाला? तू आता कलाकार झालास.

व्हिडिओ मी नीट पाहिला. डिटेक्टर तू गवत कापायच्या विळ्यासारखा फिरवतोस. चकती जमिनीलगत, सपाट, दोन्ही टोकांना न उचलता न्यायची, हे मी तुला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तू टोकाला आलास की ती आभाळाकडे जाते. वरून जाणाऱ्या बगळ्यांच्या पोटात तांबं शोधतोस काय? ज्या बक्कलावर तू ‘भावांनो, हे वायकिंगांचं!’ म्हणून किंचाळलास, ते आमच्या तबेल्यातल्या घोड्याच्या लगामाचं आहे. त्या घोड्याचं नाव मला माहीत आहे. आणि खड्डे! एकही बुजवला नाहीस. आपण सहा वर्षं जोडीनं खोदलं, त्या सहा वर्षांत एक तरी खड्डा उघडा ठेवू दिला मी तुला? तू कॅमेरा आणलास तेव्हा मी म्हटलं होतं, एक तर ते डबडं नाहीतर मी. तू डबडं निवडलंस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. डबड्याला डबडं भेटलं.

आता मुद्दा. पण त्याआधी फावड्याविषयी एक गोष्ट सांगतो. तू पातं उभं न रोवता तिरपं घालतोस, म्हणून वस्तू कापली जाते. अर्ध्या नाण्यांचा जो तुझा संग्रह आहे, तो देवानं दिलेला नाही, फावड्यानं दिला आहे.

मुद्दा असा. व्हिडिओच्या शेवटाकडे खाजकुयली माजलेल्या एका जागी तू एक लहानसा तांब्याचा क्रूस काढलास. तळहातावर ठेवून कॅमेऱ्यापुढे धरलास आणि पाद्र्याचा आवाज काढून म्हणालास, ‘भावांनो, क्रूस मी घरी नेत नाही. दुसऱ्याचा क्रूस घेणं म्हणजे दुसऱ्याचं भोगणं अंगावर घेणं.’ हे एकच वाक्य त्या अख्ख्या व्हिडिओत खरं होतं, कारण ते माझं आहे. मग तू तो दोऱ्यात ओवून बर्चच्या फांदीला टांगलास आणि डोक्यावरची टोपी काढलीस.

मी ओविनोवोला जाऊन आलो. सहजच. गावात बर्च किती आहेत हे तुला माहीत नसेल. मला आता माहीत आहे, खालच्या फांद्यांसकट. दोऱ्याचा तुकडा मिळाला. क्रूस नाही.

तो पळवला कुणी, डोमकावळ्यानं की तुझ्यासारख्याच दुसऱ्या एखाद्यानं, ते मला कळलं पाहिजे. का ते सांगतो. सांगायचं नव्हतं, पण न सांगता तू उत्तर देणार नाहीस.

माझी आई तुझे व्हिडिओ बघते. हो. आन्फिसा तिखोनोव्ना, वय पंच्याऐंशी, चष्म्यावर चष्मा लावून. शेजारची पोर टॅबवर लावून देते. हे किती दिवस चाललंय ते मला आता आता कळलं. तिला तू आवडतोस! मी पंधरा वर्षं काढलेली नाणी, बटणं, कुलपं काचेच्या पेटीत जागेच्या नोंदीसकट लावून ठेवली आहेत, तिकडे ती फिरकत नाही. ‘ती सगळी मेलेली आहेत रे ल्योन्का,’ म्हणते. ‘एदिक कसा, एखादा खिळा सापडला तरी लग्न ठरल्यासारखा नाचतो.’

तर ती चहा पीत बघत होती. क्रूस दिसला तशी पोरीला म्हणाली, ‘थांबव.’ मग म्हणाली, ‘मोठं कर.’ मग बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून मला हाक मारली. ‘ल्योन्का, हा माझा आहे.’

मी म्हटलं, ‘आई, असे क्रूस हजारांनी सापडतात.’

‘वरची कडी तुटलेली दिसतेय? माझ्या बापानं नवीन भोक पाडलं. पिऊन झिंगत पाडलं, म्हणून बाजूला गेलं. गळ्यात घातला की नेहमी वाकडा लोंबायचा. असं भोक हजारांना असतं का रे?’

नसतं. पडदा मी स्वतः तपासला. भोक मधल्या रेघेच्या डावीकडे आहे.

आता पुढचं ऐक. आईच्या गळ्यात जो क्रूस मी जन्मापासून पाहतोय, तो तिचा नाहीच. युद्धाच्या वर्षांत, शाळकरी असताना, तिनं आणि लुकेर्या नावाच्या मैत्रिणीनं क्रूस बदलले. तुला ही रीत ठाऊक आहे; नसेल तर ठाऊक करून घे. क्रूस बदलले की सख्ख्या बहिणी. ते नातं मोडता येत नाही, परत देता येत नाही, आणि त्याला कुणाची सही लागत नाही. मग पुढे बायकांचं काहीतरी बिनसलं. एका विहिरीवर पाणी भरायच्या, पण बोलायच्या नाहीत. एकदा गवत कापायच्या दिवसांत आईला दिसलं की लुकेर्याचा गळा रिकामा आहे. क्रूस तिनं काढून ठेवला की फेकून दिला, हे आईनं कधी विचारलं नाही. तीही कधी बोलली नाही. तुला ज्या जागी तो सापडला, ते लुकेर्याचं परस.

लुकेर्या जिवंत आहे. तालुक्याच्या वृद्धाश्रमात. चालता येत नाही. आईला हे हिवाळ्यात कळलं आणि तेव्हापासून ती गप्प होती. आता म्हणते, ‘एदिकला विचार, नक्की कुठे सापडला. घरात देवाच्या तसबिरी लावतात त्या देवाच्या कोपऱ्याखाली, म्हणजे ठेवलेला. तर मी जाईन, कुणी नेलं नाही तर चालत जाईन. बटाट्याच्या सरीत, म्हणजे फेकलेला. मग माझं तिथे काय काम?’

म्हणजे दोन प्रश्न. एक, क्रूस कुठे आहे. दोन, कुठे सापडला. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे, आणि नेमका तिथेच तू कॅमेरा स्वतःच्या थोबाडाकडे वळवलास. खाजकुयलीपलीकडे काही दिसत नाही. जागा सुटली की वस्तूचं भंगार होतं, हे मी तुला सांगून सांगून थकलो. आता कळतंय?

तू म्हणशील, लिओनिद अर्काद्येविच, ते परस तुम्हीही पालथं घातलं होतं, तुम्हाला का नाही सापडला? म्हण. मी डिटेक्टरवर लोखंडाचा आवाज बंद ठेवून शोधतो. जाणता माणूस तसंच करतो. जुन्या घराच्या जागी खिळेच खिळे असतात, आणि खिळ्याला खेटून पडलेलं तांबं अशा वेळी मुकं होतं. तुला ते बटण कुठे आहे हेच माहीत नाही, म्हणून तू प्रत्येक खिळा उकरत बसलास. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. याला मी कौशल्य म्हणणार नाही.

कृपा कर, असंही मी लिहिणार नाही. पण लवकर कळव. आई सकाळी उठली की आधी माझ्या तोंडाकडे बघते.

लिओनिद अर्काद्येविच गोर्यूनोव

*

उंझाकाठ, ९ जून २०१९

एदिक यास,

बटाटे लावून झाले. पाऊस पुरेसा आहे. आई बरी आहे. कशी बरी आहे ते खाली येईल.

तुला पत्र लिही म्हटलं, तर तू स्वतः आलास. ठीक. मी स्वयंपाकघरात होतो आणि बाहेर आलो नाही, याचं तुला वाईट वाटलं असेल तर वाटू दे. भिंत पातळ आहे. सगळं ऐकलं. तू कोबी भरून भाजलेला पिरोग तीनदा मागून घेतलास, तेही ऐकलं.

तर क्रूस बर्चवर नव्हता, तुझ्या गाडीच्या आरशाला होता. म्हणजे कॅमेऱ्यापुढे टोपी काढून झाडाला, आणि कॅमेरा बंद झाल्यावर खिशात. वर आईला म्हणतोस, ‘पाखरं नेतील अशी भीती वाटली, आजी.’ पाखरांना तुझी भीती वाटते, ते आधी बघ.

मग आईनं विचारलं, ‘कुठे सापडला, बाळा?’ आणि तू म्हणालास, ‘देवाच्या कोपऱ्याखाली. पायाच्या दगडाखाली नीट चिंधीत गुंडाळून ठेवलेला होता, आजी.’

चिंधीत! साठ वर्षं ओल्या मातीत राहिलेली चिंधी तू आईला दाखवणार होतास की काय? आणि त्या क्रूसावर नांगराच्या फाळाचा ओरखडा आहे, आडवा, जुना, आत हिरवा पडलेला. देवाच्या कोपऱ्याखाली नांगर कोण घालतो? कडांना जी माती चिकटली होती ती परसातली काळी, खताची. आमच्याकडे घराखाली पिवळी चिकणमाती असते. तुला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. माझ्या पत्रातला शब्दन् शब्द वाचून तू आलास, आणि आईला जे हवं होतं तेच तिच्या ओंजळीत टाकलंस.

आणि मी दाराआड गप्प बसलो. वस्तूची जागा चुकीची सांगितली जातेय आणि मी ऐकून घेतोय, असं याआधी घडलेलं नाही. संग्रहालयातल्या बाईंनाही मी सोडलं नव्हतं, हे तू पाहिलं आहेस.

तुझी गाडी वळणापलीकडे गेली तशी मी बाहेर आलो. आई क्रूस ओल्या फडक्यानं पुसत होती.

मी म्हटलं, ‘मग? जायचं ना शनिवारी?’

‘चांगला पोरगा आहे,’ आई म्हणाली. ‘पण लबाड.’

‘का गं?’

‘अरे, देवाचा कोपरा उरला होता कुठे? लुकेर्याचं, आमच्या लुशाचं, घर ओंडक्यांवर आकडे घालून उतरवलं आणि अख्खं पलीकडच्या गावाला नेलं. पायाचे दगडसुद्धा सोडले नाहीत तिनं. चारही कोपरे हातानं चाचपून मग गेली ती. तिथे क्रूस असता तर तिलाच सापडला नसता? ट्रॅक्टर कोण हाकत होतं ठाऊक आहे? तुझा बाप.’

मला आठवलं. ओंडके लादलेला तो ट्रॅक्टर मी कुंपणावर बसून पाहिला होता. त्यावर बाबा होते, आणि मागे ओंडक्यांवर बसलेली एक बाई, जिनं आमच्या घराकडे मान वळवली नाही.

‘म्हणजे फेकलेलाच,’ मी म्हटलं. मला वाटलं, संपलं.

‘फेकलेलाच. बटाट्यात.’ आईनं फडकं झटकलं. ‘मग जायलाच हवं.’

‘अगं पण तूच म्हणाली होतीस...’

‘म्हणाले होते. चिंधीत बांधून ठेवला असता, तर ती माफ करून मोकळी झाली असती. मग मी कशाला जाऊन तिचा जप मोडू? पण फेकला, म्हणजे राग आहे. मला राग समजतो.’

शनिवारी गाडी काढली.

वृद्धाश्रम स्वच्छ आहे, एवढं म्हणतो. खिडक्यांत जिरेनियम. लुकेर्या प्रोकोफ्येव्ना खाटेवर टेकून बसलेली, आईपेक्षा लहानखुरी, पण आवाज असा की शेजारच्या खोलीतली म्हातारी आपला रेडिओ बारीक करते. आई दारात उभी राहिली.

‘कोण आहे?’

‘फीसा.’

‘कोण फीसा?’

‘तुला किती फीसा माहीत आहेत गं, बया?’

लुकेर्यानं आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश, बाजारात बकरा बघावा तसं. ‘हा अर्कादीचा वाटतं? नाक त्याचंच आहे. बाकी काही उतरलेलं नाही.’

मागच्या पत्रात मी ‘बायकांचं काहीतरी बिनसलं’ असं लिहिलं होतं. ते काहीतरी म्हणजे माझे वडील. लुकेर्याशी त्यांचं ठरलेलं होतं. कपड्यांची पेटी भरून तयार होती. पुढे काय झालं त्याचा पुरावा मी आहे. हे मला माहीत होतं. विशीत असताना मावशीकडून कळलं होतं. लिहावंसं वाटलं नाही. आता लिहिलं आहे, यावर तुझी मल्लिनाथी नको.

आईनं पिशवीतून क्रूस काढला आणि पांघरुणावर ठेवला. लुकेर्यानं तो उचलला, डोळ्यांजवळ नेला नाही, नुसता अंगठा फिरवला. अंगठा वरच्या भोकावर आला आणि थांबला.

‘कुठे होता?’

‘जिथे फेकलास तिथे. बटाट्यात.’

‘फेकला होता,’ लुकेर्या म्हणाली. ‘तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. विहिरीपाशी उभी राहून, जमेल तेवढ्या लांब.’ मग बराच वेळ ती त्या भोकातच नख घालत राहिली. ‘तिसऱ्या दिवशी शोधायला गेले. मिळाला नाही. सगळा उन्हाळा शोधला, फीसा. पिठाच्या चाळणीनं माती चाळली. आई विचारायची, काय गं शोधतेस रोज? मी म्हणायचे, सुई. एवढी कसली सुई म्हणून तिनं मला शेवटी बदडलं.’

आई खाटेच्या कडेला बसली.

‘मग आली का नाहीस?’

‘रिकाम्या गळ्यानं येऊ? काय सांगू, तुझा क्रूस बटाट्यात हरवला? सापडला असता तर आलेच असते. तू का नाही आलीस?’

‘तू फेकलास म्हणून.’

‘हो, फेकला होता ना,’ लुकेर्या म्हणाली, आणि मग दोघी मिळून इतक्या मूर्खासारख्या हसल्या की नर्स धावत आली. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. जिरेनियमला पाणी जास्त घालतात तिथे, मुळं कुजतील.

थोड्या वेळानं लुकेर्यानं विचारलं, ‘सापडला कुणाला? ह्याला?’

‘छे. एदिक म्हणून एक पोरगा आहे.’

‘मग हा काय करतो?’

‘हाही खोदतो,’ आई म्हणाली. ‘पण त्याला खिळे चालत नाहीत.’

मी जिरेनियमच्या कुंडीतलं जादा पाणी ओतून दिलं.

क्रूस लुकेर्याच्या गळ्यात आईनं स्वतः बांधला. वाकडाच लोंबतो. परत अदलाबदल करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. भांडण मात्र लगेच लागलं: तो कोणत्या सरीत पडला असेल. लुकेर्या म्हणते, कुंपणाकडच्या शेवटच्या सरीत, कारण आपण जोरात फेकला होता. आई म्हणते, तुझ्या हातात तेवढा जोर नव्हताच कधी. आता दोघींना ओविनोवोला जाऊन जागा बघायची आहे. डॉक्टरांनी एका दिवसाची परवानगी दिली आहे. रस्ता तुला माहीत आहे. माझी गाडी पहिल्याच ओढ्यात बसेल, तुझी जीप जाईल. शिवाय जागा तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. तेव्हा पुढच्या शनिवारी सकाळी ये. या वेळी जिथे सापडला तिथेच बोट ठेव, दोघींपैकी कुणीही डोळे वटारले तरी. कॅमेरा आणलास तर ओढ्यात टाकीन.

आणखी एक. परत येताना आईनं गाडीत मला सांगितलं, ‘आमच्यातली जी आधी जाईल, तिच्यासोबत दुसरीचा क्रूस मातीत जायचा. माझ्याबरोबर लुशाचा. लुशाबरोबर माझा, वाकडा. तू तुझ्या नीटनेटकेपणापायी ज्याचा त्याला लावत बसशील, म्हणून आत्ताच सांगते.’ ती मला ओळखते. मी तसंच केलं असतं, आणि बरोबर केलं असं समजून घरी आलो असतो.

ही गोष्ट दोन माणसांना माहीत असावी. त्या दिवशी माझी मती ठिकाणावर असेलच असं मी लिहून देऊ शकत नाही. एक मी. दुसरं कोण, याचा मी बराच विचार केला, आणि तुझ्याशिवाय एकही नाव सुचलं नाही. माझ्या ओळखी किती थोड्या आहेत, ते यावरून तुला कळेल.

तेव्हा लक्षात ठेव: जिचा तिला नाही. आणि मी चुकू लागलो तर माझा हात धर, चारचौघांत धरलास तरी चालेल.

लिओनिद